चेन, रनर आणि टाके : ठाण्याच्या बॅगवाल्या काकांना

काका,

सप्रेम नमस्कार.

ठाण्याच्या बाजारात तुमच्या मशीनवर शाळेची दप्तरं आणि ट्रेकच्या सॅक दुरुस्त होतात, तशा आता सायकलच्या बॅगाही येऊ लागल्यात. फ्रेमच्या त्रिकोणात बसणारी फ्रेम बॅग, सीटखालची लांबट सीट बॅग, हँडलला बांधायचा रोल. ही गाठोडी बांधून करंजाहून लाँचने रेवसला उतरणारे किंवा माळशेज चढणारे आम्ही ठाणे-नवी मुंबईचे सायकलवाले तुमचे गिऱ्हाईक. तुम्ही स्वतः सायकलवर फिरत नाही, पण बॅग पारखावी कशी हे आम्हाला तुम्हीच शिकवलंत. नुसते आभार मानण्यापेक्षा काय शिकवलंत ते इथे लिहितो, म्हणजे नव्याने बॅग घेणाऱ्याच्याही कामी येईल.

सगळे आधी कापड चोळून बघतात, तुम्ही चेन उघडणारा-लावणारा रनर बघता. फ्रेम बॅगला दहा नंबरची, म्हणजे जाड मापाची, कॉइल चेन (नायलॉनच्या वेटोळ्याच्या दातांची) लागते. पाच नंबरची दिसायला नाजूक आणि वजनाला हलकी, पण चढावर थांबून एका हाताने ओढायची वस्तू आहे ती, टिकत नाही. रनर पुढे गेला तरी मागे चेन उघडीच राहिली, की लोक अख्खी चेन बदलायला निघतात. बहुतेक वेळा दात शाबूत असतात. वाळू आणि चिखलाने रनर आतून झिजलेला असतो, त्याची पकड सुटलेली असते. पक्कडीने दोन्ही बाजूंनी सारखाच, अगदी हलका दाब द्यायचा, चेन एकदा लावून बघायची, मग लागला तरच पुन्हा दाब. एकदम जोर लावला तर रनरच तडकतो. आता आमच्या टूलकिटमध्ये चेन-ब्रेकरच्या (सायकलची साखळी सोडवायच्या हत्याराच्या) शेजारी दहा नंबरचा एक सुटा रनर, जाड सुई आणि हातभर पॉलिस्टर दोरा असतो. नवा रनर घालायला चेनच्या टोकाची शिवण उसवावी लागते आणि पुन्हा टाके घालून टोक बंद करावं लागतं, नाहीतर रनर निसटून रस्त्यावर.

‘वॉटरप्रूफ’ चेनबद्दलचं तुमचं मत दुकानदारांना आवडणार नाही, पण बरोबर आहे. तिच्यावरच्या थरामुळे ती मुळात जड चालते. त्यात बॅग ठासून भरली, की दोन्ही बाजूंनी ताण येऊन तिथेच उलगडते. साधी चेन आणि वर दोन बोटं रुंदीची झडप, हे जास्त दिवस चालतं. पाणी लागून चालणार नाही असं जे काही असेल ते आत वेगळ्या ड्राय बॅगेत, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, तोंडाला निदान तीन घड्या घालून.

फ्रेम बॅग शिवून घेणाऱ्याला तुम्ही आधी पुठ्ठा कापून आणायला पाठवता. पुठ्ठा त्रिकोणात बसवायचा, केबल कुठून जाते आणि बाटलीच्या स्टँडचे बोल्ट कुठे आहेत ते पेनाने मारायचं, मग तिन्ही बाजूंनी पाच ते आठ मिलिमीटर कमी करायचं. भरल्यावर कापड बाहेर येतं, हे कोऱ्या मापात कुणी धरत नाही. रुंदी सहा सेंटिमीटरच्या वर गेली की गुडघे घासायला लागतात. म्हणून मध्ये एक उभी पट्टी शिवून दोन्ही बाजू एकमेकींना धरून ठेवायच्या, म्हणजे पोट सुटत नाही. टाका साधारण तीन मिलिमीटरचा. त्याहून बारीक घातला तर मजबूत दिसतो, पण कापड पोस्टाच्या तिकिटासारखं भोकाभोकांवरून फाटतं.

सीट बॅगेचं खरं दुखणं पट्ट्यांत आहे. नायलॉनची पट्टी ओली झाली की ताणते, पॉलिस्टरची फारशी ताणत नाही. कोरड्यात घट्ट बांधलेली बॅग पावसात ढिली पडून डुलायला लागते ती त्यामुळे. बकलमध्ये पट्टी सरकते का ते ओली करूनच बघावं. वजन तीन किलोच्या आत ठेवायचं, तेही कपडे आणि स्लीपिंग बॅगसारखं हलकं सामान. पाणी, हत्यारं, पॉवर बँक खाली फ्रेम बॅगेत. बॅग भरल्यावर टायरपासून चार बोटं अंतर राहिलं पाहिजे. ठेंगण्या माणसाची सीट खाली असते, त्याला हे अंतर मिळतच नाही. त्याने हट्ट न करता मागे कॅरिअर लावावा.

घ्यायच्या आधीची परीक्षाही तुमचीच. बॅगेत तांदळाच्या एक-एक किलोच्या पिशव्या भरून येऊरच्या चढाला उभ्याने पेडल मारायचं, उतरताना स्पीड ब्रेकर आणि पेव्हर ब्लॉकवरून न्यायची. पाम बीच रोडच्या गुळगुळीत डांबरावर काही कळत नाही. दहा किलोमीटरनंतर थांबून प्रत्येक पट्टी बोटाने तपासायची. पट्टी जिथे रंगावर बसते तिथे आधीच पारदर्शक फिल्म चिकटवायची, कारण पट्टीखाली अडकलेली बारीक वाळू पॉलिश पेपरचं काम करते.

पाण्याची परीक्षा तर आम्ही सगळ्यांना सांगतो. आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद अस्तरासारखा लावायचा, बॅग सायकलवर चढवायची आणि पाइपने दहा मिनिटं पाणी मारायचं, तेही खालून. चाकाचं पाणी खालूनच उडतं. कागद बाहेर काढला की ओल कुठून शिरली ते लगेच दिसतं. शिवणीलगत सरळ रेघ असेल तर आतून सीम टेप किंवा सीम सीलर लावून भागतं. मधोमध डाग पसरला असेल तर कापडाचा थरच गेला, ती बॅग परत करावी.

हा आतला पाणी अडवणारा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर आपल्या दमट हवेत आपोआपही मरतो. चिकट होतो, आंबूस वास येतो, पांढरे पापुद्रे निघतात. जुनी बॅग विकत घेताना आत अंगठा घासून बघायचा तो यासाठी. प्रवासाहून आल्यावर, विशेषतः समुद्राकाठून, चेनसकट गोड्या पाण्याने धुवायची, सावलीत वाळवायची आणि घडी न घालता टांगून ठेवायची. ओली बॅग पावसाळाभर माळ्यावर टाकली तर काका तरी काय करणार?

बॅगेच्या चेनवर तेल घालू नका, त्याला धूळ चिकटते, मेणबत्ती फिरवा, हेही तुमचंच.

पाऊस सरला की ऑक्टोबरात पुठ्ठे घेऊन येणाऱ्यांची रांग लागेल. आमच्यातल्या चौघांनी या वेळी बॅगा सप्टेंबरातच द्यायचं ठरवलंय, म्हणजे दिवाळीच्या गर्दीत तुमची ओढाताण नको. तेवढे दहा नंबरचे काळे रनर जास्तीचे आणून ठेवा. आणि टाक्यांचे पैसे या खेपेस पूर्ण घ्या, ‘राहू दे’ चालणार नाही.

आपले,
ठाणे-नवी मुंबईचे सायकलवाले