डायलिसिसच्या रुग्णाला शहाळे नको, माहिती द्या

मा. संपादक,

किडनीच्या रुग्णाला भेटायला येणारी माणसे आजही हमखास शहाळी घेऊन येतात. भावना चांगलीच, पण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते आणि किडनी निकामी झालेल्या माणसाच्या रक्तात ते साचले, तर हृदय बंद पडू शकते. आईचे डायलिसिस सुरू झाले तेव्हा आम्हाला एक कागद मिळाला. त्यावर मीठ, पाणी, फळे कमी, एवढेच. कमी म्हणजे किती, हे कागदाला कसे विचारणार?

बाकीचे सगळे शेजारच्या खाटेवरच्या मावशींनी शिकवले. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचे. तहान अनावर झाली तर बर्फाचा छोटा खडा चघळायचा. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून घेतलेल्या हातावर कुणाला बीपी मोजू द्यायचा नाही, त्या हाताने कळशी उचलायची नाही. बीपीला बरे म्हणून लोक 'लो सोडियम' मीठ आणतात, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेले असते, हेही त्यांच्याकडूनच कळले. आणि वाटीभर तांबडा रस्सा म्हणजे तेवढे पाणीच प्यायल्यासारखे! आपल्या गावात हे पटवून द्यायला मावशींसारखीच ठणकावून सांगणारी बाई लागते.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे डायलिसिसच्या खर्चाचा भार हलका होतो, हे मान्य. पण आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास मशीनवर काढले की उरलेला आठवडा घरीच जातो, आणि तिथे विचारायला कुणी नसते. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात वाढणारा टाकाऊ घटक, उतरवणारे काढे विकणारे मात्र बरोबर घर शोधत येतात. घरच्या घरी पोटातून करता येणारे डायलिसिसही असते, हे कित्येकांच्या कानावरसुद्धा गेलेले नाही.

कोल्हापुरात पेठेपेठेत तालमी आहेत. गणपती आणि रक्तदान शिबिरे त्या दणक्यात करतात. महिन्यातून एक संध्याकाळ तालमीचा हॉल किडनीच्या रुग्णांना द्यावा. आहारतज्ज्ञ बोलवावा, पण जास्त बोलू द्यावे जुन्या रुग्णांना. मधुमेह आणि बीपीवाल्यांनीही यावे. क्रिएटिनिन वाढेपर्यंत बरेच नुकसान होऊन गेलेले असते. लघवीतून प्रथिने जातात का, ही वर्षाला करायची साधी तपासणी त्याआधीच सावध करू शकते.

दुसरी गोष्ट पुराची. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. इतरांचे दूध-पेट्रोलवाचून अडले. डायलिसिसच्या रुग्णाची मशीनवरची पाळी चुकली तर अंगात पाणी साचून श्वास कोंडतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की गावोगावी जनावरे हलवायची तयारी सुरू होते. तेव्हाच शिरोळ, करवीर, पन्हाळ्याच्या रुग्णांना फोन गेला पाहिजे, की रस्ता आहे तोवर या, डायलिसिस आधीच उरका आणि पाणी उतरेपर्यंत शहरातच राहा. त्यासाठी आरोग्य विभागाने सर्व केंद्रांकडून रुग्णांची तालुकावार यादी मे महिन्यातच करून ठेवावी. मुक्कामाची सोय तालमी करतील. २०१९ ला त्यांनी अनोळखी माणसांनाही जेवू घातले होते.

– एका डायलिसिस रुग्णाचा मुलगा, मंगळवार पेठ, कोल्हापूर