पालकाचं हिरवं पाणी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस की पालक कुकरला लावतेस, तीन शिट्ट्या काढतेस आणि वरचं हिरवं पाणी ओतून देतेस. ते मनात राहिलं, म्हणून नीट लिहिते. क जीवनसत्त्व आणि फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) दोन्ही पाण्यात विरघळतात. क तर उष्णतेनेही नासतं. तीन शिट्ट्यांत जे उरतं, त्यातलं बरंचसं त्या पाण्याबरोबर मोरीत जातं.

भाजी निवडल्यावर आधी धू, मग चीर. पातेलंभर पाण्यात पानं बुडवून हाताने वर उचलून घे. पातेलं उपडं केलंस तर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवरच येते. आणि रात्री चिरून डब्यात ठेवणं बंद कर. चिरलेल्या कडांना हवा लागली की क कमी व्हायला सुरुवात होते. निवडलेली, पण न धुतलेली कोरडी पानं सुती फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये दोन दिवस छान राहतात.

मेथीच्या एका जुडीला 2 चमचे तेल, 6-7 लसणाच्या पाकळ्या, 2 मिरच्या आणि अर्धा तास भिजवलेली मूठभर मूगडाळ घे. फोडणीत आधी डाळ घालून पाण्याचा हबका मार, झाकण ठेवून 5 मिनिटं वाफव. मग मेथी. धुतलेल्या पानांना चिकटलेलं पाणी तिला पुरतं, वेगळं घालू नकोस. पहिली दोन मिनिटं झाकण नको, कारण पानांतली आम्लं वाफेबरोबर निघून जावी लागतात. ती कोंडली तर भाजी शेवाळी पडते. पुढे मंद आचेवर 3-4 मिनिटं, बस. कढईभर पाला बसून वाटीभर झाला की मगच मीठ घाल, आधी घातलेलं हमखास जास्त होतं. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळ. पानांतलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते. जेवणावर लगेच चहा मात्र नको, तासभर जाऊ दे.

तेल अगदीच तोडू नकोस. पानांतल्या ज्या घटकापासून अ जीवनसत्त्व बनतं, तो शोषला जायला थोडी स्निग्धता लागतेच. आणि रंगासाठी खायचा सोडा कधीच नको! भाजी हिरवीगार दिसते, पण क आणि ब1 नासतं आणि पानं गिळगिळीत होतात.

बाबांना चावायला त्रास होतो म्हणून तू भाजी जास्त शिजवतेस, हे कळतं गं. पण जास्त शिजवण्यापेक्षा जाड देठ काढून पानं अगदी बारीक चीर. काम तेवढ्यानेच होतं.

बाबा, आता तुमच्यापुरतं. तुम्हाला मुतखडा होऊन गेलाय, म्हणून वर लिहिलेलं पालकाच्या बाबतीत तुम्हाला लागू नाही. पालकात ऑक्झलेट, म्हणजे बहुतेक मुतखडे ज्यापासून बनतात ते द्रव्य, फार असतं, आणि तेही पाण्यात उतरतं. तुमच्यासाठी पालक क्वचितच, आणि तोही भरपूर पाण्यात 4-5 मिनिटं उकळून, पाणी टाकून, पिळून घेतलेला. थोडं क गेलं तरी चालेल. ताकातली पातळ भाजी तुम्हाला सगळ्यात बरी, कारण ताकातलं कॅल्शियम ऑक्झलेटला पोटातच बांधून ठेवतं. आई, त्यासाठी हरभरा डाळ कुकरमध्ये शिजव, पालक कुकरमध्ये घालू नकोस, तो असा वेगळा उकळून, पिळूनच घाल. ताकाला एक मोठा चमचा बेसन लाव आणि मंद आचेवर ढवळत राहा, नाहीतर ताक फुटतं. लाल माठातही ऑक्झलेट असतंच. रोजच्यासाठी मेथी किंवा शेवग्याचा कोवळा पाला बरा.

तुझ्यासाठी पालक करशील तेव्हा मेथीसारखाच, कढईत परत. कधी उकडलासच, तर गाळलेलं पाणी गार करून त्यातच तुझ्यापुरती कणीक भिजव. मीठ जरा कमी घाल.

तुमची लेक