पिशवीतला रस्सा आणि रक्तातले प्लॅस्टिक

मा. संपादक, स. न.

शरीरातील सूक्ष्म प्लॅस्टिक हा केवळ महानगरांचा प्रश्न नाही. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या घडांवर चढवलेल्या पिशव्या आणि टरबुजाखाली जमिनीवर अंथरलेला प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर खानदेशच्या उन्हात इतका कडक होतो की हातात धरताच त्याचे तुकडे पडतात, आणि पुढे मशागतीचा रोटाव्हेटर फिरला की ते मातीतच जातात.

पाच मिलिमीटरहून लहान असे कण अन्न, पाणी व श्वासावाटे शरीरात शिरतात. नेदरलँड्समधील संशोधकांना २०२२ मध्ये २२ पैकी १७ रक्तदात्यांच्या रक्तात प्लॅस्टिक आढळले. इटलीतील २०२४ च्या अभ्यासात, मानेच्या रक्तवाहिनीतील मेदाचा थर शस्त्रक्रियेने काढलेल्या २५७ रुग्णांपैकी ज्यांच्या थरात हे कण होते, त्यांना पुढील सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका कण नसलेल्यांच्या साडेचार पट दिसला. यावरून प्लॅस्टिक हेच कारण असे सिद्ध होत नाही, त्यामुळे मोबाइलवर फिरणारे घबराटीचे संदेश मला पटत नाहीत.

तथापि राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी असूनही शेवभाजीचा उकळता रस्सा पातळ पिशवीत गाठ मारूनच मिळतो, याला काय म्हणावे? (डबा पुढे केला की हॉटेलवाला आपल्याकडेच विचित्र नजरेने पाहतो!) नगरपालिकांनी अशा पिशव्यांची तपासणी नियमित करावी, आणि बाजार समित्यांनी हंगामाअखेरीस शेतातील प्लॅस्टिक वजनावर परत घेण्याची सोय करावी.

— एक वाचक, सावदा (जि. जळगाव)