ऑनलाइन पीएनपी-एसी अभ्यासक्रम निवडताना: ऋजुतास पत्र

चि. ऋजुतास,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या ऑनलाइन पीएनपी-एसी अभ्यासक्रमांची तू पाठवलेली यादी नीट वाचली. पीएनपी-एसी म्हणजे गंभीर आजारी मुलांवर (अक्यूट केअर) उपचार करणारी नर्स प्रॅक्टिशनर; नर्स प्रॅक्टिशनर (एनपी) म्हणजे पुढचं शिक्षण घेऊन स्वतः तपासणी आणि उपचार करणारी नर्स. त्यातले एफएनपीचे (सगळ्या वयांसाठीच्या फॅमिली एनपीचे) आणि बाल प्रायमरी केअरचे (नियमित तपासणीचे) अभ्यासक्रम आधी काढून टाक. ते ऑनलाइन सहज मिळतात आणि जाहिराती त्यांच्याच जास्त असतात, म्हणून प्रत्येक यादीत शिरतात. तुला काम करायचंय ते पीआयसीयूत, म्हणजे मुलांच्या अतिदक्षता विभागात: व्हेंटिलेटरवरची मुलं, सेप्सिसमधली मुलं, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरची मुलं. त्यासाठी पीएनसीबीचं (बालरोग नर्सिंगची प्रमाणपत्रं देणाऱ्या मंडळाचं) सीपीएनपी-एसी हे प्रमाणपत्र हवं, आणि त्या परीक्षेला बसायला शिक्षणही अक्यूट केअरचंच हवं.

२००८ च्या एपीआरएन कन्सेन्सस मॉडेलपासून (एनपीसारख्या प्रगत नर्सेससाठीच्या राष्ट्रीय आराखड्यापासून) शिक्षण, प्रमाणपत्र आणि लायसन्स एकमेकांशी जुळायला हवं, ही अपेक्षा पक्की होत गेली. प्रायमरी आणि अक्यूट हा फरक इमारतीचा नाही, मुलाच्या स्थितीचा आहे. घरी व्हेंटिलेटरवर स्थिर असलेल्या मुलाचं लसीकरण आणि वाढीची तपासणी हे प्रायमरीचं काम. तेच मूल न्यूमोनियानं ढासळलं की ते अक्यूटकडे आलं. एफएनपी करून पीआयसीयूत अर्ज केला, तर रुग्णालयाची क्रेडेन्शियलिंग (पात्रता तपासणारी) कमिटी तिथेच अडवू शकते, आणि तोवर दोन वर्षं आणि फी गेलेली असते. उलट बाजूही लक्षात ठेव: सीपीएनपी-एसी घेऊन साध्या बालरोग दवाखान्यात नियमित तपासणीची नोकरी धरता येत नाही. दोन्हींचा एकत्र अभ्यासक्रमही असतो, पण त्यात क्लिनिकलचे, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या प्रशिक्षणाचे, तास वाढतात आणि परीक्षा दोन द्याव्या लागतात. तुझं मन आयसीयूतच आहे, तेव्हा फक्त अक्यूट कर. पुढे प्रायमरी हवंसं वाटलं तर पोस्ट-ग्रॅज्युएट सर्टिफिकेटनं जोडता येतं.

शोधाची सुरुवात पीएनसीबीच्या संकेतस्थळावरच्या पीएनपी अभ्यासक्रमांच्या यादीतून कर. ‘सर्वोत्तम ऑनलाइन अभ्यासक्रम’ सांगणाऱ्या साइटवर फोन नंबर देऊ नकोस. त्यातल्या बऱ्याच साइट विद्यापीठांकडून पैसे घेऊन विद्यार्थ्यांची माहिती पुरवतात. मान्यता सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थांची आहे का, हे त्या संस्थांच्या यादीतच तपास, विद्यापीठाच्या माहितीपत्रकावर थांबू नकोस. ड्यूक, व्हँडरबिल्ट, रश, ड्रेक्सेल ही नावं या क्षेत्रात तुला भेटतील. पण यंदा प्रवेश सुरू आहे का, एमएसएन (नर्सिंगची मास्टर्स) आहे की डीएनपी (नर्सिंगची डॉक्टरेट), कॅम्पसवर किती वेळा यावं लागतं, हे प्रत्येकाला विचारूनच ठरव, कारण हे बदलत राहतं. परीक्षेला एमएसएन पुरतं. शिकवायचं किंवा विभाग चालवायचा विचार आत्ताच पक्का असेल तरच थेट डीएनपी घे.

आता मुख्य गोष्ट. ऑनलाइन असतं ते फक्त वर्गातलं शिक्षण. २०२२ च्या राष्ट्रीय निकषांप्रमाणे किमान ७५० तास प्रत्यक्ष रुग्णसेवेत, प्रिसेप्टरच्या (कामावर शिकवणाऱ्या अनुभवी एनपी किंवा डॉक्टरच्या) देखरेखीखाली जायला हवेत, आणि सिम्युलेशन लॅबचे तास त्यात धरत नाहीत. बारा तासांच्या शिफ्टनं हिशोब केलास तर त्रेसष्ट शिफ्ट होतात. पंधरा आठवड्यांच्या तीन सेमिस्टरमध्ये वाटल्या तर आठवड्याला सुमारे सतरा तास, तेही बिनपगारी. वर अभ्यास, असाइनमेंट आणि तुझी नोकरी. त्या सेमिस्टरमध्ये पूर्णवेळ नोकरी निभत नाही. पर-डिएम (गरजेपुरत्या, दिवसाच्या बोलीवर) किंवा वीकेंडच्या शिफ्ट मिळतील का, हे मॅनेजरला आत्ताच विचार.

अभ्यासक्रम अर्ध्यावर सुटतात ते बहुतेक इथेच, प्लेसमेंटवर, म्हणजे क्लिनिकलसाठी रुग्णालयात जागा मिळवण्यावर. बाल अतिदक्षतेच्या जागा मुळात कमी. मोठ्या शहरातही लहान मुलांचं आयसीयू एक-दोन रुग्णालयांतच असतं. तिथे स्थानिक विद्यापीठांचे विद्यार्थी, रेसिडेंट आणि फेलो आधीच रांगेत असतात. बाहेरच्या राज्यातल्या ऑनलाइन विद्यापीठाचा त्या रुग्णालयाशी करार नसेल तर तो व्हायला कित्येक महिने लागतात, आणि वकिलांकडे कागद अडकला की सेमिस्टर हुकतं. म्हणून ‘आम्ही प्लेसमेंटला मदत करतो’ या वाक्यावर विसंबू नकोस. लेखी विचार: प्रिसेप्टर शोधायची जबाबदारी कोणाची? न मिळाल्यास माझं सेमिस्टर पुढे जातं का, आणि त्या काळात फी लागते का? न्यू जर्सीत आणि फिलाडेल्फियात तुमचे चालू करार कोणत्या रुग्णालयांशी आहेत? गेल्या वर्षी किती विद्यार्थ्यांचं क्लिनिकल लांबलं? उत्तर गोलमोल आलं तर ते विद्यापीठ यादीतून काढ. प्रिसेप्टर मिळवून देणाऱ्या खाजगी कंपन्या हजारो डॉलर घेतात. तो खर्च तुझ्यावर पडणार असेल तर फीमध्येच धर.

स्वतःच्या युनिटमध्ये क्लिनिकल करता येईल असं धरून चालू नकोस. बऱ्याच ठिकाणी त्याच युनिटला मनाई असते, आणि पगाराच्या शिफ्टचे तास कधीच मोजत नाहीत. पण त्याच रुग्णालयातली इमर्जन्सी, हॉस्पिटलिस्ट टीम (वॉर्डातल्या रुग्णांना बघणारी), ट्रॉमा किंवा कार्डियाक आयसीयू चालू शकतं, आणि तिथल्या एनपी तुला ओळखतात. त्यांच्याशी प्रवेशाआधीच बोल. प्रिसेप्टरचं प्रमाणपत्र अक्यूटचं आहे ना, हेही बघ.

कॅलिफोर्नियाला जायचं तुमचं चाललंय, त्याचा इथे थेट संबंध आहे. विद्यापीठांना परराज्यातल्या विद्यार्थ्यांना शिकवायला सोयीचा असलेला, ‘सारा’ (एसएआरए) नावाचा राज्याराज्यांमधला करार कॅलिफोर्नियाला लागू नाही, कारण ते राज्य त्यात सामीलच नाही. शिवाय परराज्यातल्या एनपी अभ्यासक्रमाला कॅलिफोर्नियात क्लिनिकल करवायचं असेल तर तिथल्या नर्सिंग बोर्डाची मंजुरी लागते. मध्येच घर हलवलंस आणि विद्यापीठाकडे ती मंजुरी नसेल, तर क्लिनिकल थांबेल. आत्ताचं राज्य आणि कॅलिफोर्निया, दोन्हींबद्दल आधीच विचार. प्रत्येक विद्यापीठाला आपला अभ्यासक्रम कोणत्या राज्याच्या लायसन्सच्या अटी पूर्ण करतो हे जाहीर करावं लागतं. साइटवर ‘प्रोफेशनल लायसेन्शर’ शोधलंस की ते पान सापडेल. आणि तुझं कॉम्पॅक्ट (अनेक राज्यांत चालणारं) आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्सचं, लायसन्स एनपीच्या कामाला चालत नाही, ते राज्यागणिक वेगळं काढावं लागतं.

सीपीएनपी-एसी परीक्षेचा पास रेट विचारताना फक्त अक्यूटचा, पहिल्या प्रयत्नाचा आणि किती जणांपैकी, असं विचार. पाच जण बसले आणि एक नापास झाला की आकडा ८० टक्क्यांवर येतो, त्यावरून काही ठरत नाही. परीक्षेत १७५ प्रश्न असतात, त्यातले १५० गुणांसाठी धरले जातात, वेळ तीन तास. अभ्यासक्रमात ॲडव्हान्स्ड पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी आणि हेल्थ असेसमेंट हे तीन विषय स्वतंत्र हवेत. इंट्युबेशन, सेंट्रल लाइन, लंबर पंक्चर, चेस्ट ट्यूब यांचा सराव कॅम्पसवर करून घेतात का, तेही बघ. त्यासाठी जायचा विमानखर्च लागला तरी तो वाया जात नाही.

पैशांचं थोडक्यात. रुग्णालयाची शिक्षण-मदत वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त असते. मात्र त्या बदल्यात किती वर्षं तिथेच राहावं लागेल, ते आधी वाच. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस (पदव्युत्तर शिक्षणासाठीचं केंद्र सरकारचं) कर्ज नाही, आणि साध्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला केंद्राचं कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंतच. तेव्हा एकूण फी, कॅम्पसच्या फेऱ्या आणि कमी झालेला पगार हे तिन्ही एका कागदावर मांड.

हे पत्र तुझ्या मावसबहिणीलाही वाचायला दे. तिची बीएस्सी नर्सिंग नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची आहे, त्यामुळे गुणपत्रिकांचं मूल्यांकन लागेल, आणि नाशिकहून कागद यायला वेळ लागतो, तो अर्ज तिनं आत्ताच टाकावा. क्लिनिकलसाठी तिला इथलं आरएन लायसन्स आधी हवं. एच-४ (नोकरदार जोडीदाराच्या आश्रित) व्हिसावर असताना ती शिकू शकते, पण एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर जायचा विचार असेल तर पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम चालणार नाही: एका सेमिस्टरला एकच ऑनलाइन विषय पूर्णवेळ शिक्षणात धरतात.

तुझा पीआयसीयूचा अनुभव बहुतेक ठिकाणी पुरेल. पाल्सची (मुलांच्या जीवरक्षक उपचारांच्या प्रमाणपत्राची) मुदत तपासून ठेव, पीडियाट्रिक सीसीआरएन ही अतिदक्षता नर्सिंगची परीक्षा जमलं तर दे. शिफारसपत्रांसाठी नर्स मॅनेजर आणि तुझं काम रात्रपाळीत पाहिलेली एक एनपी, अशी दोन माणसं आत्ताच ठरव.

वरचे प्रश्न ईमेलनं या आठवड्यात पाठव. उत्तरं आली की मला फॉरवर्ड कर, रविवारी फोनवर दोघी मिळून एकेक वाचू.

तुझी,
आई