‘सीएस’ औषधाच्या लेबलवर मधमाश्यांसाठी स्पष्ट सूचना हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काही कीटकनाशकांच्या बाटलीवर टक्केवारीच्या पुढे ‘सीएस’ अशी अक्षरे असतात. औषध पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कवचांत भरलेले आहे, असा त्यांचा अर्थ. पण माझ्या हातातल्या बाटलीवर तो कुठेही मराठीत सांगितलेला नाही. हे कवच म्हणजे पॉलिमरचा, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचा, अतिशय पातळ पापुद्रा असतो. त्यातून औषध किती वेगाने झिरपेल, हे पापुद्र्याच्या जाडीवर, त्याच्या घट्टपणावर आणि कणाच्या आकारावर ठरते. फवारणाऱ्याच्या कातडीतून विष एकदम भिनत नाही, हा त्याचा मोठा फायदा असून तो मला मान्य आहे.

तथापि अमेरिकेत १९७४ साली मिथाइल पॅराथिऑन हे कीटकनाशक नायलॉनसारख्या कवचात भरून ‘पेनकॅप-एम’ नावाने बाजारात आले, तेव्हा त्याचे कण साधारण परागकणाएवढे होते. मधमाश्यांनी ते परागाबरोबर पायांवरच्या गोळ्यांत बांधून पोळ्यात नेले, आणि साठवलेल्या परागातून विष पिलाव्यापर्यंत, म्हणजे पोळ्यातल्या अळ्यांपर्यंत पोहोचले. साध्या औषधाने बऱ्याच माश्या शेतातच मरतात. कवचातले मात्र त्या स्वतःच घरी नेतात. मिथाइल पॅराथिऑनवर भारतात २०१८ मध्ये बंदी आली, परंतु लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिनसारखी औषधे आज कवचबंद रूपात आपल्याकडे विकली जातात. त्यांची कवचे पुष्कळ लहान असतात, काही तर फवारा वाळताच फुटतात. पण आपल्या बाटलीतले कवच कोणत्या जातीचे, हे शेतकऱ्याने कशावरून ओळखावे?

मी कांद्याचे बीजोत्पादन घेतो. गोंडे फुलले की परागीभवनासाठी मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणून बांधावर ठेवतो. गेल्या हंगामात शेजारच्या मिरचीवर असे औषध फवारले जाणार होते, म्हणून दोन दिवस पेट्यांची तोंडे बंद ठेवली. ती उघडल्यानंतरही तीन-चार दिवस दारापुढे मेलेल्या माश्या पडत होत्या, आणि कित्येकींच्या पायांवर परागाचे पिवळे गोळे तसेच होते. त्या औषधानेच मेल्या, असे मी सिद्ध करू शकत नाही. ‘माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी फवारा’ हा नेहमीचा सल्ला झिरपत राहणाऱ्या कवचाला कितपत लागू पडतो, ही शंका मात्र मनातून जात नाही.

केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीने अशा प्रत्येक औषधाच्या लेबलवर कवचातून औषध किती दिवस बाहेर पडत राहते आणि तोवर पेट्या किती दिवस बंद किंवा दूर ठेवाव्यात, हे मराठीत व ठळक अक्षरांत छापणे उत्पादकांना बंधनकारक करावे. कांद्याचा फुलोरा जेमतेम महिनाभर टिकतो, त्यामुळे पुढच्या हंगामाआधी हे व्हावे, ही विनंती.

– एक कांदा बीजोत्पादक शेतकरी, जि. नाशिक