आक्कांचा ल

सांगली, रविवार

।। श्री ।।

प्रिय मित्रा,

वर श्री काढलाय, म्हणजे घरी सगळं ठीक आहे. माझी शुगर ताब्यात, हिचा खांदाही आता वर जातो. पत्राचं कारण वेगळं आहे.

आक्का गेल्याचा निरोप मी प्रवासात वाचला. तुला लिहायला फोन घेतला, 'भा' टाइप केला, तर फोननेच 'भावपूर्ण' पुढे केलं. त्यावर बोट टेकवलं, तर शेजारी 'श्रद्धांजली' हजर. मग जोडलेल्या हातांचं चित्र. तीनदा बोट टेकवलं, झालं. पाचवी ते दहावी ज्यांनी मला तुझ्या पानाशेजारी पान वाढलं, त्यांच्यासाठी माझं स्वतःचं एक अक्षर निघालं नाही. तू 'हो रे' एवढंच उत्तर दिलंस. सात महिने ते 'हो रे' माझ्या डोक्यातून जात नाही.

मध्यंतरी माळ्यावरची ट्रंक काढली. होस्टेलवर असताना आक्कांनी मला घातलेली कार्डं निघाली, एकोणीस आहेत. 'अनेक उत्तम आशीर्वाद' आणि मग गच्च मजकूर. जागा संपली की समासात उभ्या ओळी, त्याही संपल्या की पत्त्याच्या कडेला. 'लाडू संपले का लिहावे.' त्यांचा तो ल बघायला हवास. दोन भरल्या पाकळ्या, नुकत्या उमललेल्या. माझ्या फोनवर येतो तो दंडाचा ल, हिंदीतला. २००९ साली शासनाने पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवले, पण माझ्या फोनपर्यंत ते पोचलेलं नाही. एका कार्डावर शाई फुटलीय आणि खाली लिहिलंय, 'हात ओला होता, भांडी घासून उठले.' चाळीस वर्षांनी मला तो ओला हात दिसला रे.

म्हणून लगेच तुला लिहायला बसलो, तर चौथ्या ओळीला अंगठा आखडला. अक्षरं उजवीकडे कलंडली, वेलांट्या एकमेकींत अडकल्या. मागे एक चेक 'सही जुळत नाही' म्हणून परत आला होता, तेव्हा मी बँकेत भांडून आलो होतो. आता वाटतं, त्यांचंच बरोबर होतं. ज्या हाताने मास्तरांकडून कित्त्यावर 'उत्तम' मिळवलं, तो हात गेला की काय, या भीतीने दोन रात्री झोप नव्हती. हे दुसऱ्या कुणाला सांगू? घरातले म्हणतात, बोलून टाइप करा. तुला कळेल, त्या 'उत्तम'साठी आपण आठवडाभर अबोला धरला होता.

आणि हो, तुझी नीब मी वाकडी केली नव्हती. आजही कबूल करणार नाही. नीब दुसऱ्याच्या हाती गेली की बिघडते, हे मास्तरांनी दोघांनाही सांगितलं होतं. तू दिलीस कशाला? तू तर आधी पानभर आडवी रेघ ओढून खाली अक्षरं टांगणारा. मास्तर ओरडायचे, 'ही मोडी नव्हे, बाळबोध आहे! आधी शब्द, मग डोक्यावर रेघ!'

तर नवं शाईचं पेन आणलं. रोज सकाळी एक पान, आक्कांची कार्डं समोर ठेवून. आज नववा दिवस. पहिल्या दोन ओळी नीब कागदावर करकरते, मग कधीतरी हात सुटतो आणि शाई आपसूक पुढे सरकते. ओली अक्षरं चमकतात, बघता बघता विझतात. फोनवर शब्द माझ्याआधी पोचलेला असतो. इथे 'ऱ्या' काढेपर्यंत थांबावं लागतं, आणि तेवढ्यात कळतं की पुढचं वाक्य मला खरंच म्हणायचंय की नाही. काल पाकळीचा ल पहिल्यांदा जमला. पान भरून तेवढाच काढला. इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

वहिनींच्या मोतीबिंदूचं काय ठरलं? धाकटीच्या घराचं कळलं, फार छान झालं. दिवाळीनंतर येतो.

वर दुसऱ्या परिच्छेदात एक ओळ खोडलीय. कागद उजेडासमोर धर, वाचता येईल. आक्कांबद्दल आहे, त्या दिवशी लिहायला हवी होती ती.

सोबत शाई फुटलेलं कार्ड ठेवलंय. ते तुझ्याकडेच असायला हवं. बाकीची अठरा मी ठेवून घेतोय, मागू नकोस.

तुझा,
बाकावरचा शेजारी