अ‍ॅक्सोलॉटलची अंडी तलावात सोडू नका

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्याकडे दोन अ‍ॅक्सोलॉटल आहेत, म्हणजे बेडकासारखेच उभयचर पण शेपटीवाले, जन्मभर पाण्यात राहणारे प्राणी. पिल्लं असताना घेतले तेव्हा दुकानदार म्हणाला दोन्ही माद्याच आहेत, आणि आम्ही विश्वास ठेवला. खरं तर त्या वयात नर की मादी ते कुणालाच सांगता येत नाही, वर्षभराचे झाले की नराच्या मागच्या पायांमागे, शेपटीच्या मुळाशी फुगवटा येतो तेव्हा कळतं. जानेवारीत थंडीने टँकचं पाणी एकदम गार झालं आणि दोन-चार दिवसांनी सकाळी लाईट लावून बघतो तर पानापानाला, एअर पंपाच्या नळीला सगळीकडे अंडी, भिजवलेला साबुदाणा चिकटवल्यासारखी, आणि प्रत्येकात मोहरीएवढा काळा ठिपका. मुलीने मोजायला घेतली, चारशेनंतर सोडून दिलं. मादी एका वेळी हजारापर्यंतही देते म्हणे, ते आता पटतं.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. सोसायटीतले एक काका म्हणाले, पाषाण तलावात सोडून द्या, तेवढेच जीव वाचतील. त्यांचं मन चांगलंच आहे पण असं अजिबात करू नका हो. हा प्राणी मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांमधला. तिथे 1998 मध्ये चौरस किलोमीटरला सहा हजार होते, 2014 मध्ये 36 उरले. घाण पाणी हे कारण आहेच, पण माणसांनी आणून सोडलेले कार्प आणि तिलापिया मासे त्याची अंडी-पिल्लं खातात हेही मोठं कारण. तिलापिया म्हणजे आपली चिलापी, उजनीत तिने काय केलंय ते तिथल्या कोळ्यांना विचारा. आणि अ‍ॅक्सोलॉटलला लागतं 16 ते 18 डिग्रीचं पाणी, आपल्या उन्हाळ्यात तलावात तो तडफडूनच मरणार आणि मरेपर्यंत टँकमधले रोग तिथल्या बेडकांना देऊन जाणार.

मग करायचं काय, तर पहिल्या दोन दिवसांत, ठिपका गोल आहे तोवरच, अंडी पाण्यासकट डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवायची आणि पूर्ण गोठल्यावर कचऱ्यात टाकायची. आम्ही तेच केलं. मुलगी रडली, मलाही वाईट वाटलं, पण चारशे पिल्लं जगवणं कुठल्याच घराला जमत नाही. दोन-तीन आठवड्यांत ती बाहेर येतात, सुरुवातीला फक्त हलणारं जिवंत खाद्य खातात, म्हणजे रोज मिठाच्या पाण्यात आर्टेमिया (कोळंबीसारखे अगदी बारीक जीव) उबवत बसा, आणि उपाशी राहिली की एकमेकांचे पाय तोडतात. मुलीसाठी बारा अंडी ठेवली होती, त्यातली सात पिल्लं जगली, एकाचा पुढचा पाय भावंडाने खाल्ला, तो परत फुटला मात्र.

आणखी एक, 2022 च्या दुरुस्तीनंतर हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत (आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत) येतो, त्यामुळे पाळलेल्यांची आणि घरी जन्मलेल्या पिल्लांचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. पिल्लं मित्रांना अशीच वाटून टाकता येत नाहीत. हे आम्हाला विकताना कुणीच सांगितलं नव्हतं, दुकानदारांनी निदान एवढं तरी सांगायलाच हवं.

मादी आता वेगळ्या टँकमध्ये आहे, अंडी दिल्यावर फार बारीक झाली होती, पण गांडुळं नीट खायला लागलीय. सहा महिने तरी तिला नराजवळ ठेवणार नाही.

– एक वाचक, पुणे